बिननंबरी गाडी

गाडीच्या फोटोतला नंबर झाकायचा, एवढंच त्याने ठरवलं होतं. त्यात कोणाचं नुकसान नव्हतं, कोणाला त्रास नव्हता. एवढ्याशा गोष्टीवरून माणसाला त्याच्या जन्मदात्याने फाटकात अडवून चोर म्हणावं, हे जरा अतीच झालं. पण ज्याचं त्याचं नशीब.

ऑफिसात त्याला सगळे कुलूप म्हणत. पाणीपट्टीच्या बिलांच्या विभागात तो कारकून होता. संध्याकाळी ड्रॉवर बंद केला की तो ओढून बघायचा, दारापर्यंत जायचा, परत येऊन ओढून बघायचा, आणि जिना उतरता उतरता त्याला वाटायचं की मघाशी आपण शेजारच्या टायपिस्टबाईंचाच ड्रॉवर ओढला. (एकदा खरोखरच तसं झालं होतं. ड्रॉवरचं हँडल हातात आलं. बाई अजून त्याच्याशी जेवढ्यास तेवढं बोलतात.) घरी आलेल्या पाकिटांवरचा पत्ता तो फाडून काढायचा आणि तुकडे पाण्यात भिजवून मगच केरात टाकायचा. खिशात ओळखपत्राची झेरॉक्स असे, आणि तिच्यावरचा नंबर, जन्मतारीख आणि पत्ता त्याने काळ्या स्केचपेनने खोडलेला असे. मूळ कार्ड बँकेच्या लॉकरात होतं. लॉकरची किल्ली त्याने अशा जागी ठेवली होती की ती कोणालाही सापडणार नाही, आणि ती कोणालाही सापडली नाही. त्यालासुद्धा.

दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, हे समजण्यासारखं आहे. कुलपाचं तोंड कधी पोळलंच नव्हतं. तो जन्मापासून फुंकतच होता.

बायको चष्म्याच्या दुकानात कामाला होती. दिवसभर लोकांना खुर्चीत बसवून समोरच्या पाटीवरची अक्षरं वाचायला लावायची, त्यामुळे समोर आहे ते दिसतं तसं सांगायची तिला सवय लागली होती. या सवयीने संसारात फारसं सुख मिळत नाही, पण तिचा इलाज नव्हता.

आणि बाबा. बाबांचं सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

कुलपाचे बाबा एका कारखान्याच्या फाटकावर आयुष्यभर उभे राहिले. येणारी-जाणारी प्रत्येक गाडी त्यांच्या डोळ्यांखालून गेली. माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत, चेहरेही नसत. गाडीचा नंबर मात्र एकदा बघितला की दगडावरची रेघ. मॅनेजरला ते शून्य नऊ म्हणत. मुलाचं लग्न ठरलं तेव्हा त्यांनी नातेवाइकांना व्याह्यांची ओळख त्यांच्या स्कूटरच्या नंबरावरून करून दिली होती, आणि सूनबाईला ते पहिल्या दिवसापासून चष्मेवाली म्हणत आले, कारण तिच्याकडे गाडीच नव्हती. कुलपाची आई गेली त्या दिवशी ते रडले नाहीत. तिला घेऊन गेलेल्या ॲम्ब्युलन्सचा नंबर तेवढा पुटपुटत बसले. तो नंबर ते अजून सांगतात. आईचं नाव विचारलं तर मात्र विचारात पडतात.

म्हणजे हळूहळू सगळंच गेलं. आधी किराणा आणायला गेले की दुकान विसरायचे, मग घर विसरायला लागले. नंतर भर रस्त्यात उभे राहून येणाऱ्या गाड्या अडवायला लागले, आणि एक ट्रक त्यांच्या अंगावरून जाता जाता राहिला. तेव्हा कुलपाने त्यांना गावाबाहेरच्या वृद्धाश्रमात ठेवलं. विसरणाऱ्या म्हाताऱ्यांची तिथे चांगली देखभाल होते, सगळे तसंच सांगत होते, आणि ते खरंही होतं. पण परत येताना कुलपाला बापाला गहाण टाकून आल्यासारखं वाटलं, आणि अनेक दिवस त्याच्या पोटात घासाभरापेक्षा जास्त अन्न गेलं नाही.

तिथे बाबा मुलाचा चेहराही विसरले. एक गोष्ट तेवढी राहिली. रविवार आला की ते सकाळपासून फाटकासमोरच्या बाकावर बसत. कुलपाची जुनी लाल गाडी खोकत, धापा टाकत (आणि बऱ्याचदा कोणीतरी मागून ढकलत) वळणावर दिसली की ते उठत. "सव्वीस चौदा," ते म्हणत. "आमचा पोरगा आला." मग वॉचमनला बाजूला सारून स्वतः फाटक उघडत, गाडीला सलाम ठोकत आणि पुढच्या सीटवर येऊन बसत. सव्वीस चौदाच्या स्टिअरिंगमागे जो बसलाय तो आपला मुलगा, हा त्यांचा हिशेब होता. गाडीत बसले की ते बाप असत. "ब्रेक लागतोय का बघ," म्हणत. "वाळलास," म्हणत. फेरी मारून गाडीतून उतरले की संपलं. मग कुलूप म्हणजे कोणीतरी सभ्य गृहस्थ.

आठवड्यातून तेवढाच वेळ कुलपाला बाप होता. आणि मग ती गाडी मेली.

मेकॅनिकने बॉनेट उघडलं, आत बघितलं आणि बंद केलं. "आता हिला त्रास देऊ नका," एवढंच तो म्हणाला. गाडी भंगारात गेली. कुलपाने दुसरी घेतली. तीही कोणीतरी वापरून सोडलेलीच, करड्या रंगाची, डाव्या दाराला एक मोठा पोचा पडलेली.

वृद्धाश्रमातल्या सिस्टरचा फोन आला. "नवीन गाडीचा फोटो काढा आणि आमच्या इंटरनेटवरच्या पानावर टाका," त्या म्हणाल्या. "घरचे लोक जे फोटो टाकतात ते आम्ही रोज सकाळी हॉलमधल्या टीव्हीवर लावतो. आजोबांना आठवडाभर दिसत राहिली की सवय होईल."

सल्ला चांगला होता. पण नेमका त्याच वेळी बायकोचा भाऊ घरी येऊन बसला होता. मेहुण्याला जगातल्या सगळ्या फसवणुकींची माहिती होती. स्वतः तो तीनदा फसला होता, त्यामुळे त्याच्या बोलण्याला वजन होतं.

"भाऊजी, नंबर दिसू देऊ नका," तो म्हणाला.

"का?" कुलपाने विचारलं.

"नंबरावरून पत्ता काढतात. पत्त्यावरून माणूस काढतात. मग तुमच्या नंबराची दुसरी पाटी बनवतात, ती आपल्या गाडीला लावतात आणि बँकेवर दरोडा घालतात. पैसे त्यांना. पोलीस तुम्हाला."

"गाडी दिवसभर रस्त्यावर उभी असते," बायको आतून म्हणाली. "तेव्हा नंबर दिसत नाही का? दिसावा म्हणूनच लावतात ना तो?"

"रस्त्यावर किती जण बघतात, ताई? इथे अख्खं जग बघतं."

"वृद्धाश्रमाचं पान अख्खं जग बघतं?"

खरं म्हणजे त्या पानाला जेमतेम मूठभर वाचक होते. त्यातले निम्मे तिथेच राहत होते, आणि काही आता कुठेच राहत नव्हते. पण कुलपाला दरोडा दिसू लागला होता. करड्या गाडीतून, डाव्या दाराच्या पोच्यासकट.

"अहो, पण बाबांना गाडी कळत नाही, नंबर कळतो," बायको म्हणाली. "नंबरच झाकलात तर फोटो कशाचा टाकताय?"

याचाही कुलपाने विचार केला होता. "नंबर मी त्यांना फोनवर सांगेन. तोंडी."

आधी त्याने फोटो काढून मोबाइलवरच नंबर पुसायचा प्रयत्न केला. बोट जाड पडलं. नंबराबरोबर अर्धं बॉनेट गेलं आणि शेजारी उभ्या असलेल्या बायकोचा चेहराही गेला. ती कोर्टात साक्ष द्यायला आल्यासारखी दिसायला लागली. मग त्याने पाटीवर टॉवेल टाकला. तो वाऱ्याने उडाला. शेवटी त्याने पाटीच्या मापाचा पांढरा कागद कापला, चारी बाजूंनी चिकटपट्टी लावली आणि नंबर गाडून टाकला. कपाळाला बँडेज बांधल्यासारखी गाडी दिसत होती. त्याने फोटो टाकला, कागद काढून जाळला आणि समाधानाने हात धुतले.

मग बाबांना फोन लावला.

"कोण बोलतंय?" बाबा म्हणाले.

"मी, बाबा."

"मी कोण? नंबर काय?"

कुलपाने इकडेतिकडे बघितलं. खिडकी उघडी होती. समोरच्या गच्चीवर एक बाई कपडे वाळत घालत होत्या. त्याने खिडकी लावली, फोन तोंडाजवळ धरला आणि नवा नंबर कुजबुजला.

"मोठ्याने बोल," बाबा म्हणाले. "फाटकावर ट्रक आहेत."

कुलूप आणखी थोडं कुजबुजला. पलीकडे फोन ठेवल्याचा आवाज झाला.

पुढचे काही दिवस सिस्टर रोज खुशाली कळवत होत्या. "आजोबा टीव्हीतली गाडी अगदी निरखून बघतात हं," त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "आज टीव्हीला नाक लावून उभे होते." मग म्हणाल्या, "आजोबा एकदम कामाला लागलेत. सगळ्यांना जमवून काहीतरी समजावत असतात. कितीतरी महिन्यांत एवढे बोलले नव्हते. काठी घेऊन फाटकापर्यंत फेऱ्याही मारतात." कुलपाला भरून आलं. उगाच बायको नावं ठेवत होती. फोटो लागू पडला होता.

लागू पडला होता, पण कसा, ते रविवारी कळलं.

करडी गाडी वळणावर आली तेव्हा बाबा बाकावर नव्हते. फाटकात होते. फाटक बंद होतं आणि त्यांनी दोन्ही हातांनी गज धरले होते. मागे आश्रमातले आणखी चार-पाच जण उभे होते. कोणाच्या हातात काठी, कोणाच्या हातात छत्री, एका आजींच्या हातात चपला. त्यांच्याही मागे वॉचमन उभा होता. तो एजन्सीने कालच पाठवलेला होता आणि बाबा हेच इथले मुख्य सुरक्षा अधिकारी आहेत अशी त्याची समजूत झालेली होती. बाबांकडे बघून कोणाचीही झाली असती.

"थांब," बाबा म्हणाले. "इंजिन बंद कर."

कुलपाने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "बाबा, मी."

"बाबा कोणाला म्हणतोस, चोरा? हीच ती," बाबा मागे वळून म्हणाले. "करडी. डाव्या दाराला पोचा. बघून घ्या सगळ्यांनी."

"बिननंबरी," चपलावाल्या आजी म्हणाल्या.

"बाबा, नंबर आहे की. बघा ना समोर."

"तेच विचारतोय मी. आठवडाभर पाटी कोरी होती. आज नंबर आला. कुठून आणलास?"

गाडीत बायकोने कपाळाला हात लावला. कुलूप खाली उतरला. "बाबा, तो आधीही होता. मी झाकला होता."

"का झाकला होतास?"

या प्रश्नाचं उत्तर कुलपाने बायकोला दिलं होतं, स्वतःलाही दिलं होतं. तेव्हा ते बरं वाटलं होतं. "लोक बघतील म्हणून," तो म्हणाला.

बाबा हसले. आयुष्यभर फाटकावर काढलेल्या माणसाला हसू येणारच. "लोक बघतील याची भीती कोणाला असते रे?"

वॉचमनला आता जबाबदारीची जाणीव झाली. "कार्ड दाखवा," तो पुढे येऊन म्हणाला. कुलपाने झेरॉक्स दिली. वॉचमनने ती उजेडात धरली, उलटी करून बघितली. नंबराच्या जागी काळं, तारखेच्या जागी काळं, पत्त्याच्या जागी काळं. फोटोत तर झेरॉक्सच्या कृपेने आधीपासूनच काळं होतं. "साहेब," वॉचमन बाबांना म्हणाला, "यांचाही नंबर नाही."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. कुलूप फाटकाजवळ गेला आणि गजांमधून बाबांचा हात धरायला गेला. बाबांनी हात मागे ओढला. तो छातीशी घट्ट धरून ठेवला. कुलपाने ते बघितलं आणि त्याला कळलं, की बाप खेळ करत नाहीये. बाप घाबरलाय. त्याला घाबरलाय.

"माझा पोरगा येईल आता," बाबा म्हणाले. आवाज चढवायला गेले, तो फाटला. "सव्वीस चौदा. तो येऊ दे, मग बघतो तुझ्याकडे. सरकारी ऑफिसात आहे तो. पाण्याची लाइन तोडून टाकेल तुझी."

सिस्टर पळत आल्या. त्यांनी समजावलं, रागावून बघितलं, बिस्किटं दाखवली. बाबा गज सोडेनात. शेवटी त्या कुलपाला हळूच म्हणाल्या, "गाडी जरा लांब न्या. त्यांना त्रास होतोय."

म्हणून कुलपाने बापाला आपला त्रास होऊ नये यासाठी गाडी मागे घेतली आणि कोपऱ्यावरच्या भिंतीआड जाऊन आत बसून राहिला. बायको बाबांजवळ जाऊन बसली. चष्मेवालीला ते चष्म्यावरून अजून ओळखत, त्यामुळे तिला फाटकातून मज्जाव नव्हता. ती परत आली तेव्हा उन्हं उतरली होती.

"काय करत होते?" त्याने विचारलं.

"बसले होते. सव्वीस चौदाची वाट बघत."

"काही म्हणाले?"

"विचारत होते, आज का नाही आला. म्हटलं, काम निघालं असेल." तिने गाडीचं दार ओढून घेतलं. "सिस्टर म्हणाल्या, असे आणखी रविवार जाऊ देऊ नका. वाट बघून कोणी आलं नाही, की ही माणसं वाट बघायचीही विसरतात. बाकावर येऊन बसायचं बंद होतं. मग जेवायचंही हळूहळू कमी होतं. त्यांनी बघितलंय तसं."

कुलूप स्टिअरिंगवर डोकं टेकून रडला. रडायच्या आधी काचा वर आहेत ना, हे त्याने बघून घेतलं.

घरी आल्यावर त्याने कपाट उघडलं. जुनी गाडी भंगारवाल्याला देताना त्याने तिच्या दोन्ही पाट्या काढून घेतल्या होत्या. (पाट्या भंगारात गेल्या की त्या दरोडेखोरांच्या हाती पडतात, असं मेहुण्याचं म्हणणं होतं.) जुन्या चादरीत गुंडाळून, सुतळीने बांधून, दोन कुलपांच्या आड त्याने त्या ठेवल्या होत्या. तो त्या घेऊन पलंगावर बसला. सव्वीस चौदा, दोनदा.

"लावा," बायको म्हणाली.

"गुन्हा आहे तो."

"फाटकापुरती लावा. आत गेलो की काढा."

"दुसऱ्या गाडीचा नंबर लावून गाडी चालवायची म्हणजे..." त्याला पुढे बोलवेना. म्हणजे तोच तो माणूस. ज्या दरोडेखोराच्या भीतीने त्याने पाटीवर कागद चिकटवला होता, तो शेवटी त्याच्याच घरात निघाला होता, आणि त्याच्याच पलंगावर बनियनवर बसला होता.

"तुम्हाला कायदा सांभाळायचाय की बाप?" बायकोने विचारलं. ती दुकानात विचारायची तसंच विचारलं. हे स्पष्ट दिसतंय की ते?

पुढच्या रविवारी कुलपाने कोपऱ्यावर भिंतीच्या आड गाडी थांबवली, पुढे जाऊन गुडघ्यांवर बसला आणि जुनी पाटी नव्या पाटीवर सुतळीने बांधायला लागला. आयुष्यात पहिल्यांदाच तो कायदा मोडत होता आणि त्याला गाठ मारता येत नव्हती. एक टोक दातांत, एक हातात, असा तो बसला असताना मागे मोटारसायकल थांबली. तिच्यावर पोलीस होता. असायचाच. बाकीचे लोक आयुष्यभर कायदा मोडतात आणि त्यांना साधा शिपाई भेटत नाही.

"काय चाललंय?" पोलिसाने विचारलं.

कुलपाने दातांतली सुतळी काढली. "पाटी बांधतोय."

"तिच्याखाली एक पाटी आहे."

"ती खरी आहे."

"आणि ही?"

"हीसुद्धा खरीच आहे. जुन्या गाडीची."

"ती गाडी कुठाय?"

"भंगारात."

"म्हणजे भंगारात गेलेल्या गाडीचा नंबर तुम्ही चालत्या गाडीला लावताय," पोलीस म्हणाला. असं सरळ मांडल्यावर कुलपालाही वाटलं की आपल्याला अटक व्हायला हवी. "कार्ड दाखवा."

झेरॉक्स बघून पोलिसाने ती शांतपणे परत दिली आणि कमरेच्या वॉकीटॉकीकडे हात नेला. तेवढ्यात बायको गाडीतून उतरली. तिने सगळं सांगितलं. कारखान्याचं फाटक, लाल गाडी, टीव्हीतला फोटो, पांढरा कागद. नवऱ्याची बाजू घेतली नाही आणि काही लपवलंही नाही. पोलीस ऐकत राहिला.

"वडील ओळखत नाहीत तुम्हाला?" त्याने कुलपाला विचारलं.

"या नंबराच्या गाडीत बसलेलो असलो तर ओळखतात."

पोलिसाने हेल्मेट काढलं, डोकं खाजवलं, परत घातलं. "ही पाटी लावून गाडी चालवताना दिसलात, तर गाडीसकट न्यावं लागेल. चालवताना दिसलात तर."

"मग?"

"ढकलत नेणाऱ्या माणसाला मी आजवर अडवलेलं नाही," पोलीस म्हणाला, आणि मोटारसायकल वळवून भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

बायकोला गाडी येत नव्हती, पण तिची कंबर धरलेली होती, तेव्हा ढकलणार कोण हा प्रश्न आलाच नाही. ती स्टिअरिंग सरळ धरून बसली. कुलपाने मागे जाऊन डिकीला खांदा लावला. आश्रमाकडचा रस्ता चढाचा आहे. चालवताना हे कधी लक्षात आलं नव्हतं. गाडी कोपरा वळेपर्यंत त्याचा शर्ट पाठीला चिकटला आणि तोंडाला फेस आला. डिकीशिवाय त्याला काही दिसत नव्हतं, पण त्याने आवाज ऐकला.

"सव्वीस चौदा."

बाकावरून उठलेल्या माणसाचा आवाज होता तो. मग फाटकाची कडी वाजली, आणि फाटक करकरत उघडलं.

गेल्या रविवारी बाबांनी रंग बघितला होता, पोचा बघितला होता, कारण फोटोत नंबर नव्हता आणि नाइलाजाने त्यांना गाडीकडे बघावं लागलं होतं. आता नंबर होता. गाडी लाल की करडी याच्याशी त्यांचं काही देणंघेणं उरलं नव्हतं. त्यांनी सलाम ठोकला. "पुन्हा बंद पडली वाटतं," ते खुशीत म्हणाले, आणि वॉचमनला हाताने बाजूला करून गाडीबरोबर चालत आत आले. आत आल्यावर वाकून त्यांनी पाटीवरून हात फिरवला. "ढिली झालीय. सांगायला हवं पोराला."

ते पुढचं दार उघडून नेहमीच्या जागी बसले आणि मग शेजारी बघितलं. "तू कशी इथे, चष्मेवाली? ही पोराची जागा आहे."

बायको उठली आणि मागच्या सीटवर गेली. कुलूप धापा टाकत पुढे आला. दोन आठवडे तो या क्षणासाठी जगला होता. त्याने ड्रायव्हरच्या दाराला हात घातला.

"अहो, तिथे नाही," बाबा म्हणाले. चांगल्या घरच्या पाहुण्याला सांगावं तसं अदबीने म्हणाले. "तुम्ही ढकललीत, फार उपकार झाले. मागे बसा. दम खा जरा."

"मी चालवतो ना, बाबा."

"तुम्ही कशाला? त्याची गाडी आहे, तो चालवेल."

कुलपाने बायकोकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. तिने मागचं दार उघडलं. "बसा," ती म्हणाली. तो बसला. बसल्यावर सवयीने त्याने दार नीट लागलंय का ते ओढून बघितलं.

पुढे ड्रायव्हरची सीट रिकामी होती. बाबांनी तिच्यावरची धूळ हाताने झटकली आणि फाटकाकडे बघत बसले. बिननंबरीच्या धास्तीचा त्यांच्या चेहऱ्यावर मागमूस नव्हता. किती तरी दिवसांत ते इतके निवांत दिसले नव्हते.

"येईल ना तो?" कुलपाने विचारलं. विचारायचं नव्हतं, पण विचारून गेला.

"न येऊन सांगतो कोणाला?" बाबा हसले. "निघालाही असेल. पण तुम्हाला त्याचं माहीत नाही. दाराला कुलूप लावेल, चार पावलं जाईल, परत येऊन ओढून बघेल. पुन्हा जाईल, पुन्हा येईल. लहानपणापासून तसाच आहे. त्याची आई म्हणायची, याला यमाच्या दारात उभा केला तरी आधी घरी जाऊन कुलूप बघून येईल. वेळ लागतो त्याला. पण येतो. रविवार कधी चुकवत नाही."

"हो," कुलूप म्हणाला.

मग तिघंही फाटकाकडे बघत बसले. वळणावर एक सायकल आली आणि गेली. एक टेम्पो आला आणि गेला. बाबांनी मान उंच करून बघितलं, दोन्ही वेळा. बराच वेळ झाला तरी तो काही येईना, तेव्हा कुलपालाच त्याचा राग यायला लागला.